गाठोड्याला उपाशीपोटी आणा

घडीमामांची आणि गाठोड्याची पहिली भेट झाली तेव्हा मामांनी मारलेली किंकाळी चार गल्ल्या ओलांडून गेली. समोरच्या न्हाव्याच्या हातून एका गिऱ्हाइकाची अर्धी मिशी गेली. उरलेली अर्धी त्या बिचाऱ्याने आपण होऊन देऊन टाकली. कोपऱ्यावरचा बेकरीवाला भट्टी सोडून धावत आला, तो हातात पिठाचा गोळा तसाच घेऊन. चौकातल्या वाहतूक पोलिसाने शिट्टी तोंडातून काढली आणि बराच वेळ तिच्याकडे संशयाने बघत राहिला. दुकानाच्या छताला जी आडवी भेग आहे ती त्या किंकाळीचीच, असं मामी आजही सांगतात. भेग आधीपासून होती, पण मामींना कोण सांगणार.

झालं होतं असं. मामांचं दुकान इस्त्रीचं. सकाळी लोक दारात गाठोडी ठेवून जातात, मामा एकेक सोडतात, ओंजळीने पाणी शिंपडतात आणि कामाला लागतात. त्या सकाळी त्यांनी एक गाठोडं सोडलं, वरची चादर बाजूला केली, पाणी शिंपडलं, आणि आतला एक सदरा शिंकला. तोवर मामांनी आयुष्यात रंग सोडणारे सदरे पाहिले होते, आटणारे पाहिले होते, नवऱ्याचे म्हणून आलेले पण नवऱ्याच्या मापाचे नसलेलेही पाहिले होते आणि गप्प राहिले होते. शिंकणारा सदरा मात्र पहिलाच. किंकाळी संपल्यावर सदऱ्याच्या बाहीतून एक काळं नाक बाहेर आलं आणि त्यामागून मुठीएवढं कुत्र्याचं पिल्लू.

गाठोड्याच्या मालकाने हात वर केले. "कपडे माझे," तो म्हणाला, "आतला माल माझा नाही." म्हणून माल मामांकडे राहिला आणि त्याचं नाव पडलं गाठोडं. पुढे त्याचा चांगला दांडगा नर झाला, गल्लीतल्या मांजरांवर गुरगुरू लागला, पण नावामुळे व्याकरणात अडकला तो अडकलाच. "गाठोडं आलं का? गाठोडं जेवलं का?" असंच सगळे विचारत. त्याची त्याबद्दल तक्रार नव्हती.

मामांचं कागदोपत्री नाव काय असेल ते असो, त्यांना घडीमामा म्हणतात ते उगीच नाही. घडी न घातलेलं काही त्यांना बघवत नाही. वर्तमानपत्र, पिशवी, बसचं तिकीट, काहीही हाती लागो, चार कोपरे जुळवून दाबलं की मगच त्यांचा जीव थाऱ्यावर येतो. एकदा कुठेतरी वाट बघत बसले असताना शेजारच्या अनोळखी म्हाताऱ्याच्या अंगावरची शाल त्यांनी काढली, तिची घडी घातली आणि सभ्यपणे त्याच्याच मांडीवर ठेवली. म्हातारा थंडीने कुडकुडत होता म्हणून त्याने शाल घेतली होती, हे मामांच्या ध्यानात उशिरा आलं.

अशी बारा वर्षं गेली. गाठोड्याची जागा इस्त्रीच्या टेबलाखाली, उबेला. दुकानाला रस्त्यापासून तीन पायऱ्या. बारा वर्षं गाठोडं त्या तीन पायऱ्या एका उडीत चढत आलं, आणि एका सकाळी ते खालच्या पायरीपाशी थांबलं. उडी मारली नाही. मान वर करून मामांकडे बघत राहिलं. त्यांनी खाली उतरून त्याला उचललं. सव्वीस किलोचं कुत्रं आणि मामांचे एकसष्ट वर्षांचे गुडघे, चढताना असा काही आवाज आला की मामींनी आतून विचारलं, "अहो, कोणाची खुर्ची मोडली?"

पंधरा दिवस असं उचलून झाल्यावर मामा त्याला जनावरांच्या दवाखान्यात घेऊन गेले. तिथल्या डॉक्टरीणबाईंचे ॲप्रन मामांकडेच इस्त्रीला येत, त्यामुळे ओळख होती. पण ती ॲप्रनशी. बाई स्वतः फार कमी बोलायच्या. पेशंट बोलत नाहीत, मग आपण तरी कशाला बोला, असा त्यांचा खाक्या. त्यांनी गाठोड्याच्या मागच्या पायांवरून हात फिरवला, एक पाय हळूच वाकवला. गाठोड्याने तो ओढून घेतला.

"वय?"

"एकसष्ट," मामा म्हणाले.

"कुत्र्याचं."

"बारा."

बाईंनी कागदावर काहीतरी लिहिलं आणि मान वर न करता म्हणाल्या, "मागचे सांधे. उद्या सकाळी उपाशीपोटी आणा. झोपवू."

मामांना वाटलं आपल्या ऐकण्यात चूक झाली. "काय करू म्हणालात?"

"झोपवू. तुमची एक सही लागेल. अर्ध्या तासाचं काम आहे, बारापर्यंत मोकळे व्हाल."

आठच दिवसांपूर्वी बेकरीवाला पिठाने माखलेली पँट घेऊन आला होता आणि डोळे पुसत म्हणाला होता, "मामा, आमच्या म्हाताऱ्या कुत्र्याला काल झोपवलं हो. इलाजच नव्हता." तो शब्द अजून मामांच्या कानात ओला होता. त्यांनी पुढे काही विचारलं नाही. गाठोड्याला उचललं आणि जे निघाले ते थेट दुकानात. वाटेत पाय का भाजतायत हे त्यांना कळेना. चपला दवाखान्याच्या दारातच राहिल्या होत्या.

मामी कॉलरींना बटणं लावत बसल्या होत्या. मामांचा चेहरा बघून त्यांनी सुई खाली ठेवली.

"काय म्हणाल्या?"

"झोपवायचं म्हणाल्या."

"कोणाला?"

मामांनी गाठोड्याकडे बोट दाखवलं. गाठोडं शेपटी हलवत होतं.

"फक्त लंगडतंय म्हणून?" मामी म्हणाल्या.

"उद्या. उपाशीपोटी."

"उपाशीपोटी?" मामी मटकन खुर्चीत बसल्या. "म्हणजे शेवटचं खाणंसुद्धा नाही? फाशीच्या कैद्यालाही विचारतात हो."

"सही मागतायत. माझी सही. आणि म्हणतात, बारापर्यंत मोकळे व्हाल."

मामींच्या हातातला सदरा तसाच मांडीवर. मामांनी तो घेतला, त्याची घडी घातली, पुन्हा उलगडला, पुन्हा घातली. असं चार वेळा झाल्यावर मामींनी तो काढून घेतला. "सदऱ्याला कशाला छळताय. आता करायचं काय ते सांगा."

मामांनी बराच विचार केला. ते पायऱ्यांकडे बघत होते. "लंगडतंय म्हणूनच ना झोपवणार? मग त्याचं लंगडणं थांबवायचं. या तीन पायऱ्या त्याने आपल्या पायांनी चढून दाखवल्या की कोणाची टाप आहे झोपवायची."

"ते कसं थांबवणार?"

मामांची नजर इस्त्रीकडे गेली.

"अहो," मामी हळूच म्हणाल्या, "तुम्ही कुत्र्याला इस्त्री करणार आहात का?"

दुसऱ्या दिवशी सकाळी दवाखान्यातला म्हातारा कंपाउंडर मामांच्या चपला घेऊन दारात उभा. "विसरलात, मामा. आणि कुत्रा कुठाय? बाई वाट बघत होत्या. सुई भरून ठेवली होती मी."

सुई भरून ठेवली होती, हे ऐकून मामा दार अडवून उभे राहिले. मामी तेवढ्यात टेबलासमोर येऊन उभ्या राहिल्या. त्यांच्या मागे, टेबलाखाली, गाठोडं घोरत होतं.

"ते बाहेरगावी गेलंय," मामा म्हणाले.

"कुत्रं? कोणाकडे?"

आता कुत्रं कोणाकडे जातं? मामांच्या तोंडून निघून गेलं, "मावशीकडे."

कंपाउंडरने मामांकडे बघितलं, मामींकडे बघितलं, चपला खाली ठेवल्या आणि मागे वळून वळून बघत निघून गेला. टेबलाखालून येणारं घोरणं आपलं आहे असं दाखवायला मामी बराच वेळ उभ्या उभ्या घोरत होत्या.

मग सुरू झाले उपचार. मामांना वैद्यकातलं काही कळत नव्हतं, पण ऊब कळत होती. उभ्या आयुष्यात त्यांनी दुसरं काही केलंच नव्हतं. कुठल्या कापडाला किती ऊब सोसते हे ते इस्त्री गालाजवळ नेऊन सांगत. प्रश्न एवढाच होता की गाठोडं कुठल्या कापडात धरायचं.

"तुझ्या मते हे कशात मोडतं?" त्यांनी मामींना विचारलं.

"कुत्र्यात."

"तसं नाही गं. कापड म्हणून."

मामींनी गाठोड्याच्या पाठीवरून हात फिरवला. "वरून लोकर. आतून रेशीम म्हणा, या वयात."

"मग रेशमाची ऊब." मामांनी निकाल दिला. जाड टॉवेलाची चौपदरी घडी घालायची, तिच्यावर इस्त्री फिरवायची, इस्त्री दूर ठेवायची, घडी आधी आपल्या मनगटाच्या आतल्या बाजूला लावून बघायची, आणि चटका बसत नसेल तरच गाठोड्याच्या कमरेवर ठेवायची. सकाळी दहा मिनिटं, दुपारी दहा मिनिटं. पहिल्या दिवशी गाठोडं दचकलं. दुसऱ्या दिवशी त्याने सुस्कारा सोडला. तिसऱ्या दिवशी टॉवेलाची घडी पडायच्या आत ते कूस वळवून तयार. शेक झाला की मामा मांडीचे स्नायू चोळत. शिवणीवरून अंगठा फिरवावा तसा, हाडाला धक्का न लावता, खालून वर. गाठोडं अशा वेळी असा काही कण्हल्यासारखा आवाज काढी की रस्त्यावरचे लोक थबकून आत डोकावत. एक बाई तर कपडे परत घेऊन गेली. "आत कोणीतरी आजारी आहे," ती म्हणाली.

मग मामींनी जमीन मनावर घेतली. दुकानातली फरशी गुळगुळीत. गाठोडं उठायला गेलं की मागचे पाय फाकून बसकण मारी. इस्त्रीच्या दुकानात कधीच न्यायला न आलेल्या कपड्यांचं एक कपाट असतं. मामींनी ते उघडलं. त्यातला एक काळा सूट लग्नाच्या आदल्या दिवशी इस्त्रीला आला होता आणि नवरदेव तो न्यायला आला नव्हता. लग्न झालं की नाही हे अजून कोणाला माहीत नाही. मामींनी सूट उसवला, त्याच्यासोबत चार पँटी जोडल्या, आणि टेबलापासून दारापर्यंत घसरणार नाही अशी जाड गोधडी शिवली. त्या दिवसापासून गाठोडं नवरदेवाच्या कोटावरून ये-जा करू लागलं. मामांनी आपल्या बाजूने जुन्या इस्त्रीच्या टेबलाची फळी काढून पायऱ्यांवर तिरपी टाकली, वर कांबळं ठोकलं. गाठोड्याने फळी हुंगली, तिच्यावर एक पाय वर करून आपलं मत नोंदवलं आणि पुन्हा तिच्याकडे ढुंकून बघितलं नाही.

चालण्याचंही मामांनी ठरवून टाकलं. पूर्वी ते दिवसातून एकदा वीस घरांचे कपडे पोचवून यायचे. आता पाच फेऱ्या, फेरीला चार घरं, सपाट रस्त्याने, दवाखान्याची गल्ली टाळून, सोबत गाठोडं. लांब एकदा चालण्यापेक्षा थोडं थोडं चाललेलं त्याला सोसतं, हे मामांना त्याच्या मानेवरून कळायचं. दमलं की मान खाली जायची. गिऱ्हाइकं खूश झाली. कपडे इतक्या वेळेवर यायला लागल्यामुळे काहींना संशय आला की मामा दुकान विकणार आहेत.

राहिलं वजन. मामांकडे गाठोडी तोलायचा आकड्याचा काटा होता. गाठोड्याला चादरीत बांधून त्याला लटकवलं, सव्वीस किलो. भाकरीचा तुकडा बंद, बिस्किटं बंद, वाटी अर्धी. तीन आठवड्यांनी पुन्हा लटकवलं. सव्वीस किलो दोनशे.

मामा थक्क झाले. त्यांनी बेकरीवाल्यावर संशय घेतला, न्हाव्यावर घेतला, वाहतूक पोलिसाचीसुद्धा उलटतपासणी केली. शेवटी एके दुपारी मामींनी धुवायला म्हणून मामांचा सदरा घेतला आणि खिशातून बिस्किटांचा भुगा निघाला.

"अहो," मामी म्हणाल्या, "हे काय?"

मामांनी मान खाली घातली. "दुपारी फक्त दोन. ते बघतं गं माझ्याकडे. उपाशीपोटी म्हणालेल्या ना त्या, मग मला ते..." मग त्यांची नजर मामींच्या शिवणकामाच्या डब्याकडे गेली. दोऱ्यांच्या रिळांमध्ये एक अर्धा पाव होता.

मामांनी तो पाव उचलून भुग्याशेजारी ठेवला. इतकी वर्षं संसार केला, पण माणूस इतकं आतल्या गाठीचं असेल असं दोघांपैकी कोणालाच वाटलं नव्हतं. त्या दिवसापासून दोघांनी एकमेकांवर पाळत ठेवली, आणि दोन महिन्यांत गाठोडं बावीस किलोवर आलं.

हळद ही बेकरीवाल्याची सूचना. त्याच्या म्हाताऱ्या कुत्र्यालाही तो अन्नातून देत असे म्हणे. मामांनी चिमूटभर सांगितलेली हळद सढळ हाताने कालवली, गाठोड्याने वाटीत पाय बुडवला आणि त्याच पायाने नुकत्याच घडी घातलेल्या पांढऱ्या कपड्यांवरून फिरून आलं. इस्त्रीच्या दुकानात पिवळा पंजा म्हणजे काय, हे ज्याचं त्याला कळावं. मामांचे डोळे पांढरे झाले. त्यांनी लिंबू घासलं, साबण घासला, उन्हात टाकलं. सगळे डाग गेले, एक राहिला. तो नेमका कुठल्या कपड्यावर राहिला हे त्यांनी गडबडीत बघितलं नाही, आणि कपडे ज्याच्या त्याच्या घरी गेले.

दोन दिवसांनी सकाळी डॉक्टरीणबाई स्वतः दुकानासमोर उभ्या राहिल्या.

मामांनी त्यांना रस्त्याच्या पलीकडे असतानाच पाहिलं होतं. तेवढ्या वेळात त्यांना एकच सुचलं. त्यांनी टेबलाखालच्या गाठोड्यावर हाताला लागतील तेवढे कपडे टाकले, वरून एक चादर, आणि स्वतः समोर उभे राहिले. मामी सुई हातात धरून पुतळ्यासारख्या.

बाई तीन पायऱ्या चढून आत आल्या आणि त्यांनी टेबलावर एक ॲप्रन पसरला. पाठीवर, बरोबर मधोमध, पिवळा पंजा.

"हा डाग," त्या म्हणाल्या, "मावशीच्या गावाहून आला का?"

तेवढ्यात मामांच्या मागचा ढीग शिंकला.

बारा वर्षांनी तोच आवाज. या वेळी मामा किंचाळले नाहीत. त्यांच्यात तेवढं त्राणच उरलं नव्हतं. चादर हलली, एका सदऱ्याच्या बाहीतून काळं नाक बाहेर आलं, आता कडेने पांढरं झालेलं, आणि गाठोडं अंगावरचे कपडे झटकून उभं राहिलं. नवरदेवाच्या कोटावरून चालत बाईंपाशी गेलं, त्यांचा हात चाटला, मग फिरायची वेळ झाली असं समजून पायऱ्या उतरून रस्त्यावर गेलं. कोणी मागून येत नाही हे बघून परतलं. खालच्या पायरीपाशी थांबलं. गाठोडं एक पायरी चढलं. दुसरी. जरा दम घेतला. तिसरी.

"बघा," मामा म्हणाले. "चालतंय ते. चढतंय. याला कशाला झोपवायचं, बाई? मी सही करणार नाही."

बाईंनी मामांकडे बघितलं. हळूहळू त्यांचं तोंड उघडत गेलं. "मामा," त्या म्हणाल्या, "मी एक्स-रेसाठी म्हणाले होते."

"म्हणजे?"

"एक्स-रे काढताना कुत्रा हलता कामा नये. म्हणून सुई देऊन झोपवतात. पोटात अन्न असलं तर त्रास होतो, म्हणून उपाशी. मग उठवतात."

"उठवतात?"

"उठवतात."

मामा खाली बसले, जमिनीवरच, गोधडीवर. जवळजवळ तीन महिने त्यांनी या बाईंपासून एक कुत्रं लपवलं होतं. त्यासाठी खोटं बोलले होते, एक मावशी निर्माण केली होती. मामींनी सुई खाली ठेवली आणि तोंडाला पदर लावला. त्या हसतायत की रडतायत हे आधी कोणाला कळेना. मग कळलं की हसतायत, आणि ते थांबायला बराच वेळ लागला.

"तसं नीट सांगायचं ना, बाई," मामा कसंबसं म्हणाले.

"सांगितलं की. अर्ध्या तासाचं काम आहे म्हणाले."

बाईंनी गाठोड्याचा पाय वाकवून बघितला. या वेळी त्याने ओढून घेतला नाही. "काय काय केलंत?" त्यांनी विचारलं. मामांनी चाचरत सगळं सांगितलं. रेशमाची ऊब, चोळणं, गोधडी, पाच फेऱ्या, बिस्किटं. बाई ऐकत होत्या. "चार किलो उतरवलंत, हे सगळ्यात मोठं," त्या म्हणाल्या. "हळद बंद करा. कुत्र्यासाठीही आणि माझ्यासाठीही. थंडीत जास्त दुखलं तर घरची गोळी देऊ नका, माझ्याकडे या." त्या एका दमात एवढं बोललेलं कंपाउंडरनेही कधी ऐकलं नसेल. मग मामा टेबलाचा आधार घेऊन उठले, आणि दुकानभर आवाज झाला.

बाईंनी दचकून मामांच्या गुडघ्यांकडे बघितलं. "हे कोणाला दाखवलंत का?"

"यांनाच झोपवा आता," मामी डोळे पुसत म्हणाल्या. "उपाशीपोटी आणते."

दुसऱ्या दिवशी मामांनी सही केली. गाठोडं सकाळी दहाला झोपलं आणि बाराच्या आत उठलं. तेवढा वेळ मामांनी त्याच्या चादरीची अकरा वेळा घडी घातली. एक्स-रेमध्ये दिसलं की मागचे सांधे झिजले आहेत. बाईंनी कागदावर लिहून दिलं: शेक, चोळणं, वजन कमी, थोडं थोडं चालणं.

त्यानंतर गाठोडं एक वर्ष आणि चार महिने जगलं. एका दुपारी टेबलाखाली झोपलं, ते उठलं नाही. पायऱ्यांवरची फळी अजून आहे. तिच्यावरून मामा चढतात.